भारी ग्रीन कोणती? जिथे सगळ्यांना एन्ट्री!

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? महागड्या गाड्या आणि 'ओन्ली मेंबर्स'ची पाटी, बरोबर ना? माझंही तसंच होतं. मग 'हिमालयाज'बद्दल वाचलं.

ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ. इथे जोरात फटका मारायचा नसतो, पटरने चेंडू हलकेच ढकलायचा असतो. सगळ्यात भारी ग्रीन्स कुठल्या, असं विचारलं की अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचं नाव हमखास येतं. काचेसारख्या गुळगुळीत, चेंडू थांबायचं नावच घेत नाही. मान्य! पण या क्लबने पहिल्यांदा महिलांना सदस्य केलं ते थेट २०१२मध्ये.

म्हणून माझं मत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या 'हिमालयाज'ला. तिथे १८६७मध्ये महिलांचा पटिंग क्लब निघाला. कारण? बाईने हात खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं तेव्हा 'शोभत' नव्हतं! ज्या पटिंगवर त्यांची बोळवण झाली, त्यातच त्या रमल्या. तो क्लब आजही आहे. आणि त्यांच्या या हिरवळीवर आज थोडे पाउंड भरून कुणीही खेळू शकतं. नावाप्रमाणेच सगळे चढउतार. इथे ताकद कामाची नाही, उतार ओळखता यायला हवा. त्यामुळे आजीसुद्धा नातवाला हरवू शकते.

मैदान भारी ठरतं ते नुसत्या गवतामुळे नाही, तिथे कोण खेळू शकतं यामुळेही. आता तुमच्या कॉलेजचं ग्राउंड आठवा. संध्याकाळी तिथे किती मुली खेळताना दिसतात?