थर्मोकोलच्या खोक्याची बाजू

जीवशास्त्राच्या एका परिसंवादात परवा एका ज्येष्ठ विद्वानांनी घरी बनवलेली प्रयोगसाधने एका वाक्यात निकालात काढली: ही शाळेच्या प्रदर्शनातली खेळणी, यांवर संशोधन होत नाही. कारणे चार. असली यंत्रे धोकादायक असतात, नामवंत नियतकालिके असले काम छापत नाहीत, सरकारला अनुदान कापायला निमित्त मिळते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

छापण्याचे आधी संपवू. दोरीवरच्या भिंगरीच्या तत्त्वाने फिरणारे, वीस सेंटचे कागदी सेंट्रिफ्यूज 2017 साली ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये छापून आले. मिनिटाला 1,25,000 फेरे, आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा! अनुदानाची भीती खरी आहे, पण तो राग सरकारवर काढा, साधने बनवणाऱ्या पोरांवर नको.

विश्वासाचा मुद्दा मात्र मी सहजासहजी सोडणार नाही. आकडा खरा ठरतो तो माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहिल्यावर; यंत्राच्या बिलावरून नाही. थर्मोकोलचा खोका, बल्ब, थर्मोस्टॅट आणि छोटा पंखा जोडून इनक्युबेटर करणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, माझा थर्मामीटर बरोबर कशावरून? ती तो वितळत्या बर्फात बुडवते, मग उकळत्या पाण्यात धरते. पुण्यात पाणी 100 नव्हे, साधारण 98 अंशांनाच उकळते, हे तिला तिथे कळते आणि उंचीचा हिशेब मांडावा लागतो. पुढे चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ती दिवसभर नोंदी घेते. बल्बजवळ 39 आणि तळाशी 35 भरले, तर पंख्याची जागा बदलते. विकतच्या यंत्राच्या दारावर 37.0 दिसले की आपण निमूटपणे जर्नलात लिहितो. आमच्याकडचे असे एक यंत्र दोन वर्षे 37.0 दाखवत होते आणि आत 33 अंश होते. मुलांच्या दोन तुकड्यांची जिवाणूंची सगळी निरीक्षणे त्यात वाया गेली. त्याची चीड अजून जात नाही.

हा वाद मी पूर्वीही घातला आहे. हौशी मंडळी दुर्बिणीचे आरसे हाताने घासत, तेव्हाही ‘कारखान्याची सर येणार नाही’ हेच ऐकवले जाई. आरसा तपासण्याच्या, भौतिकशास्त्रज्ञ फूकोच्या 1858 सालच्या कसोटीला एक दिवा आणि ब्लेडचे पाते पुरते. आरशातली तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकही तीत डोळ्यांना दिसते. ती कसोटी स्वतः करून पाहिलेला एकही टीकाकार मला भेटला नाही. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरचेही तेच. सुरुवातीला नळ्या हातानेच एका वॉटर बाथमधून दुसऱ्यात फिरवाव्या लागत. ते निष्कर्षही खेळण्यांतलेच का?

धोक्याचे मान्य. घरी बनवलेल्या सेंट्रिफ्यूजचा रोटर वेगात फुटला तर डोळा जाईल, आणि रोगजंतू असल्या खोक्यात वाढवू नयेत.

मला हवे आहे ते एवढेच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रत्येक जोडीने एक साधन स्वतः बनवावे आणि गुण त्याच्या तपासणीला मिळावेत. ते किती अंशांनी चुकते, कोणत्या कोपऱ्यात चुकते, दार उघडल्यावर किती मिनिटांत सावरते, हे जर्नलात लिहून सरांची सही घ्यावी. विकतच्या इनक्युबेटरचीही हीच तपासणी दर जूनमध्ये व्हावी, आणि ती याच मुलांनी करावी.