भित्रे, फितूर की निष्पाप? रोमानियन सैनिकांविषयीचे गैरसमज

24 नोव्हेंबर 2024 रोजी रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि कालिन जॉर्जेस्कू हे फारसे परिचित नसलेले उमेदवार सर्वांत पुढे राहिले. दुसऱ्या महायुद्धातील हुकूमशहा मार्शल इयॉन अँटोनेस्कू यांना त्यांनी पूर्वी राष्ट्रनायक म्हटले होते. पुढे घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. मे 2025 मधील फेरनिवडणुकीत निकुशोर दान विजयी झाले, तरी त्यांच्या विरोधातील कडव्या राष्ट्रवादी उमेदवाराला 46 टक्क्यांहून अधिक मते मिळाली.

ऐंशी वर्षांपूर्वी फासावर नव्हे, गोळ्या घालून मृत्युदंड दिलेल्या एका हुकूमशहाचे नाव आजच्या मतदानात का येते? कारण रोमानियाच्या युद्धाविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी अर्धवट आहेत. बाहेरचे लोक रोमानियन सैनिकाला भित्रा आणि फितूर ठरवतात. त्यावर चिडून देशातले राष्ट्रवादी त्याला निष्कलंक वीर ठरवतात. दोन्ही बाजू ज्याला सोयीचे तेवढेच सांगतात.

पहिला गैरसमज : रोमानियन पळाले म्हणून स्टालिनग्राड हातचे गेले

हा आरोप प्रामुख्याने जर्मन सेनानींच्या आठवणींतून पसरला. पराभवाचे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणे नेहमीच सोपे असते. वस्तुस्थिती अशी की 1942 च्या शरद ऋतूत जर्मनीची सहावी सेना स्टालिनग्राड शहरात अडकली असताना तिच्या दोन्ही बाजू सांभाळण्याचे काम रोमानियाच्या तिसऱ्या आणि चौथ्या सेनेकडे दिले होते. डॉन नदीकाठी तिसऱ्या सेनेला सुमारे 140 किलोमीटरचा पट्टा राखायचा होता. तिच्याकडच्या रणगाडाविरोधी तोफा बहुतांशी 37 मिलिमीटरच्या, घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या. सोव्हिएत टी-34 रणगाड्याच्या चिलखतापुढे त्या निरुपयोगी होत्या. भेदक तोफा जर्मनीने दिल्या, पण मोजक्याच.

या सेनेचे प्रमुख जनरल पेत्रे दुमित्रेस्कू यांनी डॉनच्या अलीकडच्या काठावर सोव्हिएत सैन्याने राखलेल्या ठाण्यांचा धोका आधीच सांगितला होता. ती ठाणी उठवण्याची त्यांची मागणी जर्मनांनी मान्य केली नाही. 19 नोव्हेंबर 1942 रोजी त्याच ठाण्यांतून सोव्हिएत रणगाडे बाहेर पडले. काही तुकड्या मोडल्या हे खरे. पण जनरल मिहाइल लास्कर यांच्या नेतृत्वाखालील तुकड्या वेढ्यात सापडूनही दारूगोळा आणि अन्न संपेपर्यंत लढल्या. त्या हिवाळ्यात रोमानियाने मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे दीड लाख माणसे गमावली. पोकळ आघाडीवर अपुऱ्या शस्त्रांनिशी उभे केलेल्या शेतकऱ्याच्या पोराला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे.

दुसरा गैरसमज : ते केवळ हिटलरचे प्यादे होते

पहिला गैरसमज दूर करताना अनेक जण दुसऱ्या खड्ड्यात पडतात. रोमानिया लहान देश, जर्मनीने ओढून नेला, सैनिकांनी फक्त आपली जमीन परत घेतली, असे सांगितले जाते. यात थोडे सत्य आहे. 1940 मध्ये बेसारेबिया आणि उत्तर बुकोविना सोव्हिएत संघाने, तर उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीने घेतला होता. पण गमावलेला पूर्वेकडचा प्रदेश परत मिळाल्यावरही अँटोनेस्कू थांबले नाहीत. नीस्टर नदी ओलांडून त्यांचे सैन्य ओडेसापर्यंत आणि पुढे व्होल्गाच्या दिशेने गेले.

या वाटेवर जे घडले त्याचा हुकूम प्रत्येक वेळी बर्लिनहून आलेला नव्हता. जून 1941 च्या अखेरीस याश शहरात रोमानियन पोलीस, सैनिक आणि स्थानिक नागरिकांनी, जर्मन सैनिकांच्या साथीने, ज्यूंची कत्तल केली. अनेकांना मालगाडीच्या बंद डब्यांत कोंडून उन्हात, पाण्याविना मारले. मृतांचा आकडा 13 हजारांहून अधिक सांगितला जातो. ऑक्टोबर 1941 मध्ये ओडेसात रोमानियन लष्करी मुख्यालय स्फोटात उडाले. सूड म्हणून अँटोनेस्कूंच्या आदेशाने रोमानियन सैन्याने हजारो ज्यूंना गोळ्या घातल्या, कोठारांत कोंडून जाळले.

एली विझेल यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाने 2004 मध्ये निष्कर्ष मांडला : रोमानियात आणि तिच्या ताब्यातील प्रदेशांत 2 लाख 80 हजार ते 3 लाख 80 हजार ज्यू मारले गेले. 1942 मध्ये अँटोनेस्कूंनी उरलेल्या ज्यूंना जर्मन मृत्युछावण्यांत पाठवण्यास नकार दिला आणि त्यामुळे लाखो जीव वाचले, हेही खरे. पण जो नकार देऊ शकतो, तो प्यादे नसतो. म्हणजे त्याआधीच्या हत्यांची जबाबदारीही त्याचीच ठरते.

तिसरा गैरसमज : 1944 मध्ये त्यांनी फक्त बाजू बदलली

23 ऑगस्ट 1944 रोजी राजा मिहाई यांनी अँटोनेस्कूंना अटक करवली आणि रोमानिया जर्मनीविरुद्ध उभा राहिला. 'वारा पाहून पाठ फिरवली' असे यावर म्हटले जाते. मात्र त्यानंतर मे 1945 पर्यंत पाच लाखांहून अधिक रोमानियन सैनिक ट्रान्सिल्व्हेनिया, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियात लढले. मृत, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे 1 लाख 70 हजारांची हानी झाली. एवढे करूनही 1947 च्या पॅरिस तहात त्यांना सहयोद्ध्याचा दर्जा मिळाला नाही. साम्यवादी राजवटीने 23 ऑगस्टला राष्ट्रीय दिन केले आणि पूर्वेकडील युद्ध व कत्तली यांवर पडदा टाकला. 1989 नंतर पडदा उठला, तेव्हा त्या पोकळीत अँटोनेस्कूंचे गौरवगान घुसले.

ज्यांची आठवण कोणालाच नको

आणखी एक घोटाळा नावातला आहे. रोमानियन आणि रोमा हे एकच, असे अनेकांना वाटते. रोमानिया हे नाव रोम शहरावरून आले आहे. रोमा हा वेगळा समाज, अनेक देशांत विखुरलेला आणि मूळचा भारतीय उपखंडातला. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाक आणि माणसाला मनुष हेच शब्द आजही आहेत. 'रोम' या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ आपल्याकडील 'डोम' या जातिनामाशी जोडतात. रोमानियाच्या भूमीवर हा समाज शतकानुशतके गुलाम होता. ती गुलामी 1855 आणि 1856 साली कायद्याने संपली.

1942 मध्ये अँटोनेस्कू राजवटीने सुमारे 25 हजार रोमांना बुग नदीकाठी हाकलले. भूक, थंडी आणि टायफसने त्यांतले सुमारे 11 हजार मेले. त्याच वेळी रोमा तरुण रोमानियन गणवेशात आघाडीवर लढत होते. त्यांच्यातले काही रजेवर घरी आले, तर घर रिकामे आणि कुटुंब हद्दपार झालेले! देशासाठी रक्त सांडूनही जन्माचा शिक्का पुसला जात नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच वंशजांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराचे दार बंद झाले होते.

म्हणून स्टालिनग्राडच्या वीरांचे गोडवे गाणारा कोणीही भेटला, तर त्याला या रोमा सैनिकाविषयी विचारावे. वीरगाथेत त्याला जागा नाही, कारण तो आला की राजवटीचा गुन्हाही सोबत येतो. आणि सगळ्या रोमानियनांना भित्रे म्हणणाऱ्याच्या थट्टेतही त्याला जागा नाही.

रोमानियाने उशिरा का होईना, पावले टाकली आहेत. विझेल आयोगाचा अहवाल सरकारने स्वीकारला. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष बसेस्कू यांनी रोमांची माफी मागितली. 2023 पासून माध्यमिक शाळांत ज्यूंचा इतिहास आणि होलोकॉस्ट हा विषय सक्तीचा झाला. तरी 2024 ची मते सांगतात की अहवाल कपाटात राहिला आणि दंतकथा घराघरांत पोहोचली.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश इथे तपासाचे साधन म्हणून वापरता येतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावर काही मान्य करू नये. बौद्ध विचारात कर्म माणसाचे असते, जातीचे किंवा राष्ट्राचे नसते. डॉनकाठी उपाशी लढलेला शिपाई, ओडेसात कोठाराला आग लावणारा शिपाई आणि घरी परतल्यावर रिकामी झोपडी पाहणारा रोमा शिपाई यांचा गणवेश एकच होता. त्या तिघांना एकाच विशेषणात कोंबणारा इतिहास नाकारला पाहिजे, मग तो शिवी देणारा असो वा आरती करणारा.