आईचे पाय आणि १०० वॉट

कुंभार्ली घाटाखालचं पोफळी. थंडी ती कितीशी? तरी जानेवारीच्या पहाटे गावी आईचे पाय गार पडतात आणि आपण इथून ऑनलाइन रूम हीटर पाठवायला निघतो. थांबा, बॉस! २००० वॉटचा हीटर सलग ८ तास चालला तर १६ युनिट. १०० वॉटची इलेक्ट्रिक चादर? ०.८ युनिट! खोली नाही, फक्त अंथरूण तापवायचं. (कोयनेच्या पाण्यावर वीज करणारं भूमिगत वीजघर पोफळीतच आहे, पण मीटर तिथेही फिरतोच.)

मात्र मधुमेहाने आईचे पाय बधिर झाले असतील, तर चटका बसलेला तिला कळणारही नाही. मग चादर झोपण्याआधी अर्धा तास लावायची आणि अंथरुणात शिरण्यापूर्वी प्लग काढायचा. घडी घालून तर कधीच लावायची नाही. पुढची रात्र काढायला गोधडी आहेच की!