अभ्यासात मन नाही की मूल थकलंय? शिरूर-दौंडच्या मुलांनी हे चित्रांतून सांगायला हवं

दहावीचं वर्ष अर्धं सरलं की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "याचं अभ्यासात मनच नाही." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. मुलगा असेल तर "मामूच्या गॅरेजवर बसवा", मुलगी असेल तर "कशाला आणखी शिकवायचं, स्थळ बघा". शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या गावात हा निर्णय कधी कधी एका जेवणाच्या वेळेत होऊन जातो. मूल आळशी आहे, त्याला विषय जमत नाही, की ते नुसतं थकून गेलंय, हे कुणी तपासत नाही.

या थकण्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. हल्ली शाळा-कॉलेजांत गटाने एखाद्या विषयावर छोटा ॲनिमेटेड व्हिडिओ बनवण्याचं काम दिलं जातं, आणि त्यात हा विषय हमखास असतो. बहुतेक वेळा त्यातून काय येतं? पेटलेला मेंदू, पुस्तकांचा डोंगर, कोटाच्या होस्टेलची खोली आणि शेवटी सल्ला की योगा करा, पाणी प्या, वेळापत्रक बनवा. मार्क मिळतात, विषय संपतो. आपल्या मुलांच्या हातात हे काम येणार असेल तर ते यापेक्षा बरंच काही करू शकतात. ज्या गोष्टी मूल अब्बूंच्या समोर बसून बोलू शकत नाही, त्या कागदावर काढलेला एखादा बंडू किंवा सलमा बोलू शकते.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची व्याख्या दिली. संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. कामाचा ताण बरेच दिवस साचत राहिला आणि तो कुणी हाताळला नाही, तर जे होतं ते बर्नआउट, असं ती म्हणते. त्याच्या तीन खुणा. एक, अंगातली ताकद संपणं. दोन, कामापासून मन तुटणं, "काय उपयोग" असं वाटू लागणं. तीन, आपल्याला काही जमतच नाही ही भावना. संघटनेने ही व्याख्या नोकरी-धंद्यापुरतीच ठेवली आहे. पण अमेरिकेच्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायला जी प्रश्नावली तयार केली होती, तिची खास विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती युरोपातल्या संशोधकांनी २००२ मध्येच केली. पगार नसला तरी शाळा हेही मुलाचं कामच, हे त्यामागचं साधं गणित.

दौंड तालुक्यातल्या मुलांना हे समजावायला इंग्रजी शब्दाची गरज नाही. केडगाव, यवत भागात गुऱ्हाळं सगळ्यांनी पाहिलीत. ऊस चरकातून एकदा काढला की रस येतो. तेच चिपाड पुन्हा, मग तिसऱ्यांदा घातलं तर चरक फिरतो, आवाज होतो, हाती काही येत नाही. तेव्हा आपण उसाला आळशी म्हणत नाही. व्हिडिओचं पहिलं चित्र हेच असावं, असं मला वाटतं. पेटलेल्या मेंदूपेक्षा ते आपल्या माणसांना लवकर कळेल.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. परीक्षेतलं अपयश हे कारण मात्र देशभरातल्या २,२४८ मृत्यूंमध्येच नोंदलं गेलं. हा आकडा विद्यार्थ्यांचा सगळा आकडा समोर ठेवून वाचा. म्हणजे नापास होणं हे संकटाचं एक टोक झालं, पास होणारी मुलंही आतून मोडतात. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक मुलांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचं कारण सांगितलं होतं.

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर तिचे वडील कोर्टात गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी १५ निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही, हेल्पलाइनचे नंबर सगळ्यांना दिसतील असे लावायचे, आणि पालकांनाही या विषयात जागरूक करायचं. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक आहे. आपल्या मुलाच्या शाळेत समुपदेशक आहे का, असेल तर कुठल्या वारी येतो, हे पुढच्या पालकसभेत विचारायला हरकत नाही. विचारणारे चार जण असले की उत्तर द्यावं लागतं.

राज्य सरकारनेही काही पावलं टाकली आहेत, पण ती लहान मुलांपाशी थांबतात. ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम पहिली ते आठवीसाठी. सकाळी नऊच्या आधी शाळा भरवू नका, हा फेब्रुवारी २०२४ चा आदेश चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ओझं खरं वाढतं ते नववीपासून, आणि तिथे मूल एकटं पडतं.

आपल्या घरातलं ओझं वेगळं

कोटाची गोष्ट शिरूरला लागू होत नाही. इथल्या मुलाचा दिवस बघा. फजरनंतर किंवा मगरिबनंतर अरबीचा वर्ग, मधे शाळा, मग ट्यूशन, घरी आल्यावर दुकानात तासभर बसणं. अब्बू रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला असतील तर दिवसा घरात त्यांची झोप आणि याचा अभ्यास एकाच खोलीत. अकरावीपासून दौंडची कितीतरी मुलं पुण्याला रेल्वेने ये-जा करतात. पाऊणशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. शिरूरला रेल्वेच नाही, तिथल्या मुलांना नगर रस्त्याची कोंडी. शाळेत मराठी, घरात हिंदी-दखनी, सायन्स घेतलं की पुस्तकं इंग्रजी. यातली एकेक गोष्ट झेपण्यासारखी आहे. सगळ्या मिळून झेपत नाहीत.

त्यात रमजान. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि पहिला रोजा २ मार्चला. अर्धी परीक्षा रोज्यात गेली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत असल्याने अजून एक-दोन वर्षं तरी हा मेळ टळणार नाही. तरावीहनंतर पुस्तक, मग सहरीला उठणं, सकाळी पेपर. मुलं हे आनंदाने करतात, आपण त्यांचं कौतुकही करतो. पण त्यांची झोप कुठून काढायची याचा हिशेब घरातल्या मोठ्यांनी मांडायला नको का? पेपरहून आलेल्या पोराला इफ्तारीच्या सामानासाठी बाजारात पिटाळलं नाही, तरी त्याला दोन तास मिळतात.

सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की ६ ते १४ वयातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ बदलली, मुली तर खूपच पुढे आल्या. पण ज्या घरात कॉलेजपर्यंत पोचणारी पहिलीच पिढी आहे, तिथे थकलेल्या मुलाला "थोडा थांब, सावर, मग पुढे जा" म्हणणारं कुणी नसतं. थांबणं म्हणजे सोडणंच, असं धरलं जातं. दौंडच्या लोकांनी तरी हे मानू नये! पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं दौंडला थांबायच्या, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, मग गाडी निघायची. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्यांचं ते थांबणं वाचलं. पण तेव्हा थांबलेल्या गाडीला कुणी बिघडलेली म्हटलं नाही.

चेहरा नाही, म्हणून खरं बोलता येतं

आता व्हिडिओकडे. ॲनिमेशनच का, याचं उत्तर आपल्या गावांच्या आकारात आहे. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. कॅमेऱ्यासमोर एखादी मुलगी म्हणाली की "मला रात्री रडू येतं", तर दुसऱ्या दिवशी ते "अमक्याच्या मुलीला काहीतरी झालंय" असं मोहल्लाभर होतं. चित्रातल्या मुलीला कुणाचं आडनाव नसतं. जी घरं मुलीचा चेहरा मोबाइलवर येऊ देत नाहीत, तिथल्या मुलीही यात आवाज देऊ शकतात, लिहू शकतात, चित्रं काढू शकतात.

महाग सॉफ्टवेअर लागत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. एक वस्तू जराशी सरकवायची, एक फोटो घ्यायचा. आजही तेच तंत्र आहे, फक्त कॅमेऱ्याच्या जागी मोबाइल. तो दोन डब्यांच्या आधाराने पक्का बसवायचा आणि खाली कापलेल्या कागदाची माणसं सरकवायची. सेकंदाला बारा फोटो धरले तर दीड मिनिटाला १,०८० होतात. ते जमणार नसेल तर सेकंदाला सहा घ्या, थोडं अडखळत चालतं, पण त्यातही गंमत असते.

खरी मेहनत लिहिण्यात आहे. दीड मिनिटात सावकाश बोललं तर फार तर दोनशे शब्द बसतात. म्हणून आधी गटातल्या प्रत्येकाने, नाव न घालता, चिठ्ठीवर लिहावं की मी शेवटचा कधी थकलो आणि घरात त्याला काय म्हणाले. त्या चिठ्ठ्यांतूनच संवाद उचलायचे. "दिनभर पडा रहता, पढता नहीं" हे वाक्य एआयकडून येणार नाही, ते चिठ्ठीतूनच येईल. मागचं दृश्य, रंग यासाठी एआय वापरा, कुणाची ना नाही. संवाद आणि आवाज मात्र आपलेच हवेत. यंत्राचा मराठी आवाज ऐकून अम्मी दहाव्या सेकंदाला फोन खाली ठेवेल. आवाज आधी रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन, आणि चित्रं त्या आवाजाच्या मापाने काढा.

एक धोका सगळ्या गटप्रकल्पांत असतो. ज्याच्याकडे चांगला मोबाइल, त्याच्यावर सगळं काम येतं, आणि रात्री साडेअकराला ग्रुपवर "कुठपर्यंत आलं?" सुरू होतं. बर्नआउटवरचा व्हिडिओ बनवताना एकाचंच चिपाड व्हायला नको. नऊनंतर ग्रुप बंद, हा नियम सरांनीच घालून द्यावा. शिरूर आणि दौंडच्या मुलांनी मिळून केलं तर काम वाटणं सोपंच आहे. एका गावाने लिहायचं आणि आवाज द्यायचा, दुसऱ्याने चित्रं. हे जून ते दिवाळी या काळातच उरकावं, जानेवारीनंतर बोर्डाच्या मुलांना यात ओढू नये.

व्हिडिओत आत्महत्येचं दृश्य किंवा पद्धत अजिबात नको, सूचक चित्रसुद्धा नको. आणि सल्ला फक्त मुलांना देऊ नका. निम्मी वाक्यं पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी ठेवा. आठ तास झोप, आठवड्यातून एक मोकळी संध्याकाळ, चुलतभावाच्या मार्कांशी तुलना नाही, एवढं मागितलं तरी बरंच झालं. दोन आवाजांत आवृत्त्या काढा, एक मराठीत शाळेसाठी, एक घरच्या बोलीत. दुसरी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल, आणि जिथे निर्णय होतात तिथे तीच बघितली जाईल.

शेवटच्या पाटीवर केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर हवा, १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. ती पाटी किमान पाच सेकंद स्थिर ठेवा, नंबर उतरवून घ्यायला किंवा स्क्रीनशॉट काढायला तेवढा वेळ लागतो.