कॅसोवरी नव्हे, कासुआरी!

तुमच्यापैकी कोणी पळसदरीचे असाल तर गावाच्या नावात पळस आहे हे तुम्हाला सांगायला नको. पण अलिबागच्या सहलीत सुरूच्या बनात बसून तुम्ही डबा खाल्ला असेल, तेव्हा आपल्या डोक्यावर एका दूरच्या पक्ष्याचे नाव डोलते आहे, हे ठाऊक होते का?

सुरूचे शास्त्रीय नाव कॅझुआरिना इक्विसेटिफोलिया. त्यातले पहिले पद 'कासुआरी' या मलाय शब्दावरून आले. कासुआरी हा न्यू गिनी आणि ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या जंगलांतला, जवळजवळ माणसाएवढा उंच, न उडणारा पक्षी. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा आणि पायाच्या आतल्या बोटाला सुऱ्यासारखे लांब नख. त्याच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती केसांसारखी लोंबतात. सुरूच्या लोंबत्या डहाळ्या पाहून ती पिसे आठवली, आणि झाडाला पक्ष्याचे नाव मिळाले. (सुरूची 'सुई' हलकेच ओढून पाहा. ती सांध्यावर सुटते. ते पान नव्हे, डहाळी आहे. खरी पाने म्हणजे सांध्याभोवतीचे इवलेसे खवले.)

आपली पुस्तके मात्र या पक्ष्याला 'कॅसोवरी' म्हणतात. हा झाला इंग्रजी उच्चार. मला तो पटत नाही. देवनागरीत 'कासुआरी' सहज लिहिता येते, मग मूळ शब्द इंग्रजीच्या दारातून कशाला आणायचा? तिकडेही नावांचा घोळ झालाच होता. 1597 साली अ‍ॅमस्टरडॅमला जिवंत कासुआरी पोहोचला, तेव्हा त्याला 'एमेउ' म्हटले गेले. पुढे 'एमू' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्याच पक्ष्याचे झाले!

"नाव काही का असेना, पक्षी तोच ना?" असे तुम्ही म्हणाल. मग पळसाचे पाहा. त्याचे शास्त्रीय नाव ब्यूटिआ मोनोस्पर्मा. यातला ब्यूटिआ म्हणजे 1762-63 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेले, वनस्पतिशास्त्राची आवड असणारे अर्ल ऑफ ब्यूट. शास्त्रीय नावे जगभर एकच असावीत हे योग्यच, ती बदला असे मी म्हणत नाही. पण उद्या पुस्तकांनी पळसाला नुसते 'ब्यूटिआ' म्हणायला सुरुवात केली, तर पळसदरीच्या मुलांना कसे वाटेल?

कर्जत-खालापूरच्या शाळांत तुमच्या शेजारी ठाकर किंवा कातकरी मित्र बसत असेल. पुस्तकातल्या पक्ष्याला त्याच्या घरी काय म्हणतात, हे कधी विचारले आहे का? एक वही घाला. डावीकडे पुस्तकातले नाव, उजवीकडे त्याच्या आजीने सांगितलेले. आजी आहे तोवर उजवी बाजू भरून घ्या.