उड्डाणापूर्वीची परीक्षा

घरातील मुलांच्या छंदांत आता बिनतारी लहरींनी चालणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरची भर पडली आहे. कळंबसारख्या मांजराकाठच्या गावी रब्बीची सुगी आटोपली की मोकळी रानेही जवळच सापडतात. मग यंत्राची जुळणी होताच ते उडवून पाहण्याचा मोह मुलांना आवरत नाही. परंतु जुळलेले यंत्र म्हणजे उडण्यास योग्य यंत्र नव्हे, हे वडीलधाऱ्यांनी वेळीच सांगावयास हवे.

यास खेळणे म्हणणे हाच मुळी गैरसमज होय. मोठ्या नमुन्याची पाती मिनिटास दोन हजारांच्या घरात फेरे घेतात. २०१३ साली न्यूयॉर्क शहरात या छंदात मुरलेला १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच यंत्राच्या पात्याने प्राणास मुकला. म्हणून पहिली परीक्षा मोटारीच्या तारा सोडवूनच घ्यावी.

आधी रिमोट चालू करावा, मग यंत्राची बॅटरी जोडावी; बंद करतेवेळी क्रम उलटा. परीक्षकाने यंत्राच्या मागे उभे राहावे, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोटाळा होत नाही. मुख्य दांड्यावर एक कलती तबकडी असते, तिला स्वॉशप्लेट म्हणतात. कांडी पुढे लोटता ती पुढे कलावी, उजवीकडे नेता उजवीकडे. चढण्याची आज्ञा देता दोन्ही पात्यांचा कोन सारखाच वाढावा.

शेपटीची परीक्षा सर्वांत नाजूक. मुख्य पाती एका दिशेने फिरू लागली की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्यास शेपटीचा पंखा आवरतो, आणि त्या पंख्यास जायरो नावाचे उपकरण क्षणोक्षणी सावरते. यंत्राचे नाक हाताने डावीकडे वळवावे. उजवीकडे वळण्याच्या आज्ञेने शेपटीची पाती जशी हलतात, तशीच ती आता हलली पाहिजेत. येथे दिशा उलटी असेल, तर जायरो गिरकी थांबविण्याऐवजी वाढवितो व यंत्र जमीन सोडताच भोवऱ्यासारखे फिरते.

शेवटी पुढची व मागची पाती उतरवून तारा जोडाव्या, मोटार मंद चालवावी आणि रिमोट बंद करावा. मोटार तत्काळ थांबली नाही, तर त्या दिवशी रानात जाणे नाही.

यंत्र ज्याने जुळविले, त्यास त्यातील चूक सहसा दिसत नाही. जे असावे असे त्यास वाटते, तेच त्याचे डोळे पाहतात. यास्तव काकांनी किंवा आत्याबाईंनी एकेक बाब मोठ्याने वाचावी आणि मुलाने ती करून दाखवावी, अशी आमची सूचना आहे. त्यांस यंत्रविद्या अवगत नसली तरी चालेल. डावे-उजवे त्यांस कळते.

उड्डाण लांबणीवर पडले म्हणून मुलास कोणी हसू नये. मंगळावर उडावयाचे ‘इंजेन्युइटी’ हे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर ९ एप्रिल २०२१ रोजी पात्यांच्या वेगपरीक्षेत अडले, तेव्हा तेथील तंत्रज्ञांनी ठरलेले उड्डाण पुढे ढकलले. दोष दूर झाल्यावर १९ एप्रिल रोजी ते ३ मीटर वर चढले व ३९ सेकंदांनी सुखरूप उतरले. आपल्या मुलास आठ दिवस थांबावे लागले, तर त्यात कमीपणा तो कोणता?