विरोध करायचाय, पण कलमं वाचून



समान नागरी कायदा महाराष्ट्रात येईल तेव्हा येईल. उत्तराखंडात तो 27 जानेवारी 2025 पासून लागू झाला आहे. त्यानंतर आठ दिवसांत गुजरात सरकारनेही समिती नेमली. म्हणजे नमुना आपल्यासमोर आहे. मी या नमुन्याच्या विरोधात आहे. पण 2023 साली झाला तसा विरोध मला पुन्हा नको आहे.

तेव्हा 22 व्या विधी आयोगाने 14 जूनला जनतेची मतं मागवली. मसुदा न देताच मतं मागवणं ही आयोगाची चूक होती. आपण काय केलं? मोहल्ल्यामोहल्ल्यात क्यूआर कोड फिरले. स्कॅन करा, तयार मेल उघडेल, पाठवून द्या. आमच्या भंडाऱ्यातही पोरांनी मोबाइल गोळा करून घरातल्या सगळ्यांच्या नावाने मेल पाठवले. आईच्या, बहिणीच्या, भावजयीच्या नावानेही. त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. मेल गेला लाखोंच्या नावाने, पण मत एकच होतं, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेलं.

आता मसुदा नाही, मंजूर कायदाच हातात आहे. 392 कलमांचं हे विधेयक 6 फेब्रुवारी 2024 ला विधानसभेत मांडलं आणि 7 तारखेला मंजूर केलं. लग्न, तलाक, वारसा या सगळ्यावर एका दिवसात किती चर्चा झाली असेल?

त्यात चांगलं आहे ते आधी सांगते. मुलगा-मुलगी यांना वारशात समान हिस्सा आहे. दुसऱ्या बायकोला बंदी आहे. हलालासाठी बाईवर जबरदस्ती केली तर शिक्षा आहे. या कलमांच्या विरोधात मी मोर्चात चालणार नाही, आणि तुम्हीही चालू नका.

आता बाकीचं वाचा. नाव समानतेचं, पण लग्नाचं वय मुलीला 18 आणि मुलाला 21 तसंच ठेवलं. अनुसूचित जमातींना कायद्यातून वगळलं. त्यांच्या रूढी जपायला माझी हरकत नाही. पण मग वेगळेपण जपता येतं हे सरकारला मान्य आहे, फक्त कुणाचं जपायचं ते सरकार ठरवणार. कोर्टाबाहेरचा प्रत्येक तलाक बंद केला, त्यात बाईच्या हातातला खुलाही गेला. जी बाई जमातीत बसून सुटू शकत होती, तिला आता वकील लावून तारखा मोजाव्या लागतील. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी महिन्याच्या आत नोंद केली नाही, तर मूळ कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. नोंदीची माहिती पोलीस ठाण्याला जाते. वय 21 च्या खाली असेल तर आईबापांनाही कळवतात. दोन धर्मांतल्या जोडप्याचं यात काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. आणि हे सगळं दूरचं समजू नका. या कायद्यात ‘निवासी’ची व्याख्या इतकी सैल आहे की आपल्या लाखनी-साकोलीचा पोरगा तिकडच्या कारखान्यात वर्षभर राहिला तरी तो त्यात येतो.

2019 च्या तीन तलाक कायद्यातही असंच झालं. सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2017 लाच एका झटक्यातला तलाक रद्द ठरवला होता. तरी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तो आत गेल्यावर पोटगी कुठून देणार? आणि जो तलाकचा शब्दही न उच्चारता बायकोला सोडून निघून जातो, त्याला या कायद्यात हात लागत नाही.

पण आपल्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांनाही मला दोन शब्द विचारायचे आहेत. शरियत वाचवा म्हणणाऱ्या किती घरांत शरियतने दिलेला बहिणीचा हिस्सा सातबाऱ्यावर चढला? 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मध्ये शेतजमीन वगळलेलीच आहे, आणि आमच्या धानपट्ट्यात हिस्सा म्हणजे मुख्यतः बांध्याच. बाप गेला की बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, भाऊ साडी-चोळी करतो आणि विषय संपतो. अशा घरातून ‘आमच्या बायकांना सगळे हक्क आहेत’ हे वाक्य बाहेर पडलं, तर समोरचा हसणारच.

भंडाऱ्याच्या लोकांना हा वाद नवा नसावा. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर इथूनच उभे होते आणि हरले. त्याआधी 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत रखडलेलं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. त्या बिलाला विरोध करणारे म्हणत होते की धर्म बुडेल, घरं मोडतील. आज आपल्यातले काहीजण तीच वाक्यं उर्दूत म्हणतात. आंबेडकरांनी 23 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत दोन गोष्टी मांडल्या. एक, मुस्लिम कायदा कधीच सगळीकडे एकसारखा नव्हता. मध्य प्रांतातही, म्हणजे आपल्याकडेही, 1937 पर्यंत वारशात बऱ्याच अंशी हिंदू कायदा चालत होता. दुसरी, समान संहिता सुरुवातीला फक्त ती मान्य असल्याचं जाहीर करणाऱ्यांनाच लागू करता येईल. पहिली गोष्ट आपले वडीलधारे विसरतात, दुसरी सरकार विसरतं.

मग विरोध कसा करायचा? दहाजण जमा, त्यात निम्म्या मुली हव्यात. कायद्याची प्रत छापून आणा. दर रविवारी एक प्रकरण वाचा, गावातल्या एखाद्या वकिलाला बसवा. हरकत लिहिताना कलमाचा आकडा लिहा, काय चुकलं ते लिहा आणि त्याऐवजी काय हवं तेही लिहा. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सहीने. तुमसर, भंडारा आणि साकोली, जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांना ती नेऊन द्या आणि पोच घ्या. शेजारच्या हिंदू, बौद्ध, गोंड मैत्रिणींनाही बोलवा, कारण पोलिसाकडे जाणारी नोंद त्यांच्याही घरात शिरणार आहे.

आणि जे आजच करता येतं त्यासाठी कायद्याची वाट बघू नका. निकाहनाम्यात दुसरं लग्न न करण्याची अट घाला, तलाक-ए-तफवीज लिहून घ्या. बापाला सांगा, हयातीतच मुलीच्या नावे हिबा करा. बहिणीच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नका.

18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम बायका होत्या. त्यांनी आपल्या तोंडाने मागणं मांडलं होतं. आपल्या विरोधातही बाईचं मागणं बाईच्या तोंडून आलं पाहिजे. येत्या रविवारी वाचायला बसाल, तेव्हा पहिली प्रत घरातल्या मुलीच्या हातात द्या.